दारातली वाकडी पट्टी

सोमवार, ता. ४

चि. धाकटीस अ. उ. आ.

पत्र बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस, कोणी गेलेलं नाही. घरात फोन असताना दादाला पत्राची उबळ कुठून आली असं तू म्हणशील. उबळ माझी नाही, टाळीबाईची आहे.

टाळीबाई म्हणजे माझ्या कंपवातावर आमच्या चिरंजिवांनी सोडलेली फिजिओथेरपिस्ट. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, पाठीवर पोत्याएवढी पिशवी. आठवड्यातून तीनदा येते आणि माझ्यासमोर उभी राहून टाळ्या वाजवते. टाळीगणिक मी पाऊल टाकायचं. चव्वेचाळीस वर्षं ज्यानं शहराच्या रस्त्यांवर पांढरे पट्टे मारले, त्याला ही कालची पोरगी तान्ह्या मुलासारखी टाळ्या वाजवून चालवते. टाळ्यांनी हात दुखले की मोबाइलमधून टकटक लावते. मग हात पंख्याला लागतील असे फैलावून उभं राहायचं, कारण म्हणे आजारानं माझ्या हालचाली लहान झाल्यात आणि मला त्या लहान झालेल्या कळत नाहीत. मला कळत नाहीत! फूटभर आणि सव्वा फूट यातला फरक मी स्कूटरवरून जाताना सांगत असे.

मग पोटापासून जोर लावून मोठ्यानं आ करायचा. माझा आवाज बसलाय हे खरं, फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही. पण परवा मी असा आ केला की खालची शेजारीण झाडू घेऊन वर आली. तिला वाटलं मला कोणी मारतंय. आता ती तक्रार करते की काय ही एक नवी धास्ती. टाळीबाई मात्र खूश. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला म्हणजे सुधारणा आहे, असं तिचं म्हणणं.

अक्षराचंही तेच. माझी सही इतकी बारीक झाली की बँकेनं ती माझी नव्हेच म्हणून कागद परत केला. तेव्हा टाळीबाईनं दुरेघी वही आणून दिली, पहिलीतली पोरं वापरतात तसली. दर आठवड्याला कोणाला तरी एक पत्र, आणि अक्षर वरच्या रेघेलाही टेकलं पाहिजे. मी शाळा चार यत्ता केली, त्यातली चौथी अर्धी. ती अर्धी आता पुरी होईल बहुतेक.

खरी गोष्ट लिहायचं टाळतोय, ती आता लिहितो. चिरंजिवांनी हुकूम काढलाय. दोन महिन्यांनी माझी परीक्षा. पलंगावरून उठायचं, बाहेरच्या दारापर्यंत जायचं, कडी काढायची आणि उंबरा ओलांडून बाहेर उभं राहायचं. कोणी हात लावायचा नाही. जमलं तर मी माझ्या घरात. नाही जमलं तर म्हाताऱ्यांसाठी एक निवास त्यांनी बघून ठेवलाय. मला नेऊन दाखवला. फरशी आरशासारखी, माणसं ओळीनं खुर्च्यांत ठेवलेली, आणि खिडकी उघडली की समोर भिंत. इथं माझ्या खिडकीतून चौक दिसतो. तिथलं झेब्रा क्रॉसिंग माझ्या हातचं आहे. आता नवे लोक त्यावर रंग फासतात, तो बघून जीव जळतो, पण जळायला तरी समोर काहीतरी लागतं.

दारापर्यंत मी जातो गं. पण दारात आलो की पाय फरशीला चिकटतात, खळ लावल्यासारखे. कमरेवरचा माणूस पुढे निघतो आणि खालचा जागीच. टाळीबाईला माहीत आहे, चिरंजिवांना नाही. तू सांगू नकोस.

माया आहेच, उपदेश मात्र पाठवू नये.

तुझा दादा


शनिवार, ता. ९

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पहिल्या पानावर अक्षर मुंगळ्याएवढं, शेवटच्या पानावर मुंगीएवढं. सुईत दोरा ओवायचा चष्मा लावून वाचलं. तेव्हा त्या पोरीचं काही चुकतंय असं मला दिसत नाही. पुढचं पत्र शेवटपर्यंत मुंगळ्यांचं पाहिजे, नाहीतर न वाचता परत पाठवीन.

उपदेश नको म्हणालास, तर नाही करत. फक्त आठवण देते. मी दुकान काढलं तेव्हा बायकांचे कपडे शिवून कोणाचं घर चालतं का, असं तू चारचौघांत म्हणाला होतास. चष्मा लागला तेव्हा चष्मेवाल्याला लबाड म्हणालास आणि वर्षभर खांबांना धडकत फिरलास. तुला ज्याची ज्याची गरज पडली त्याला तू आधी शिव्या दिल्यास. वहिनी होती तोवर तिला ते सोसलं. या पोरीनं का सोसावं?

दोन महिने म्हणजे पुष्कळ झाले. टाळ्या वाजवते ना? मग चाल. आ कर म्हणते ना? मग कर. शेजारणीला मी फोन करून सांगते की कोणी मारत नाहीये, ज्याला मारायला हवं होतं त्याला आम्ही लहानपणीच सोडून दिलं.

तुझ्या चिरंजिवांना मी काही बोलणार नाही. पण दारात पाय अडकतात त्यावर ती काय करते, ते तू लिहिलं नाहीस. लिही.

राग धरू नये, धरलाच तर मोठ्या अक्षरात धरावा.

धाकटी


शुक्रवार, ता. १५

चि. धाकटीस अ. उ. आ.

काय करते म्हणतेस? पट्ट्या चिकटवते! मला! पट्ट्या!

पलंगापासून दारापर्यंत फरशीवर आडव्या पांढऱ्या चिकटपट्ट्या. म्हणे डोळ्यांना रेघ दिसली की पायाला ती ओलांडायचं सुचतं. आतून हुकूम निघत नाही तेव्हा तो बाहेरून द्यायचा. झेब्रा क्रॉसिंगसारखं समजा आजोबा, असं तिनं मला समजावून सांगितलं. झेब्रा क्रॉसिंग काय असतं ते मला ऐकावं लागलं, तेही गुडघे टेकून चिकटपट्टी दातांनी तोडणाऱ्या पोरीकडून.

तिच्या पट्ट्या तू बघायला हव्या होत्यास. एक भिंतीकडे झुकलेली, दुसरी तिच्याकडे पाठ करून चाललेली, तिसरीच्या पोटात हवा. अंदाजानं लावते! आम्ही सुतळी खडूच्या भुकटीत घोळवून दोन खिळ्यांत ताणायचो आणि टणकन सोडायचो. रस्त्यावर उमटे ती रेघ. मग तिच्या कडेनं रंग. ट्रक गेले, म्हशी गेल्या, मिरवणुका गेल्या, रेघ हलली नाही. हिची पट्टी मी तिच्याकडे नुसतं रागानं बघितलं तर सुटते. एकदा तिला बोललो, की बाई, आधी पेन्सिलीनं रेघ मारावी, काटकोनाचा गुण्या लावून. हसली आणि वहीत काहीतरी टिपलं. माझ्या आजाराचं आणखी एक लक्षण लिहिलं असेल.

आणि अंतर? सव्वा फूट. पोरींच्या ठिकरीच्या खेळातल्या घरांएवढं. तुला माहीत आहे, रस्ते खात्यात मला फूटपट्टी म्हणत. माझं पाऊल अडीच फुटांचं. साहेबांनी एकदा पैज लावून टेप धरला, वीस पावलं चालवलं आणि बरोबर पन्नास फूट भरले. त्यानंतर छोट्या रस्त्यावर कोणी टेप काढत नसे, मला चालवत. त्या माणसानं सव्वा फुटावर पाय ठेवायचा म्हणजे पहिलवानाला पाळण्यात झोपवण्यातला प्रकार. पाय अडखळणारच! अंतरच चूक आहे तर पाय काय करील? आजार माझ्यात नाही, तिच्या मोजणीत आहे. हे मला काल एकदम उमगलं.

कपाटावर कामाचा उरलेला पांढरा रंग आहे, ब्रश आहे, सुतळी आहे. रविवारी ती येत नाही. मी बंदोबस्त करतो.

प्रेम असावं, आणि पत्र जपून ठेवावं, पुढे पुरावा म्हणून लागेल.

तुझा दादा

ता. क. अक्षर बघ. शेवटपर्यंत मुंगळा. रागानं मोठं राहतं असं दिसतं.


मंगळवार, ता. १९

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

चिरंजिवांचा फोन आला. सगळं कळलं. हनुवटीला चार टाके, डावं मनगट बांधलेलं. पट्ट्या खरवडून काढल्यास, फरशीवर रंगाच्या तीन रेघा मारल्यास, अडीच-अडीच फुटांवर, आणि दुसऱ्या रेघेला तोंडावर पडलास. शेजारणीनं धपकन ऐकलं, पण तुझ्या आ-ओची सवय झाली म्हणून अर्धा तास वर आली नाही. माझ्याच फोनमुळे. ते मला आता जन्मभर पुरेल.

तुला काय म्हणू? गाढव म्हणाले तर गाढव दावा लावील.

चाळीस वर्षं मी कपडे बेतते. माझ्या वहीत सगळ्या गिऱ्हाइकांची मापं आहेत. पण बाई दुकानात आली की मी वही मिटते आणि टेप काढते. मग ती वीस वर्षांची गिऱ्हाईक का असेना. कित्येकींना राग येतो, म्हणतात जुनंच माप धरा. मी धरत नाही. कारण जुन्या मापाचा कपडा अंगात शिरत नाही आणि मग दोष शिंपिणीला. माप म्हणजे माणसाची अब्रू नव्हे दादा. ते त्या दिवसापुरतं असतं. तू तिसाव्या वर्षीचं माप घेऊन त्र्याहत्तराव्या वर्षीचा सदरा बेतायला बसलास, आणि वर त्या पोरीची मोजणी चुकली म्हणतोस.

तिनं सव्वा फूट धरलं तेव्हा टेप कुठे लावला होता, विचारलंस का? नसशीलच.

चिरंजीव दोन महिने थांबायला तयार नाहीत. मी भांडून तीन आठवडे मागून घेतले. त्यांना तुझी अडगळ झाली आहे असं समजू नकोस, फोनवर त्यांचा आवाज तुझ्यासारखाच बारीक येत होता. पण निवासात खोली ठेवलीय हे खरं आहे. तीन आठवडे. कळलं?

माया आहे म्हणून इतकं लिहिलं, नसती तर गप्प बसले असते.

धाकटी


रविवार, ता. २४

चि. धाकटीस अ. आ.

हनुवटी ठणकते, म्हणून थोडक्यात.

रंग वाळायच्या आत मी पाऊल टाकलं. चव्वेचाळीस वर्षांत ओल्या रंगावर पाय दिला नव्हता. नवख्या माणसानं दिला तर मी त्याचा दिवस खराब करत असे. पण पाय उचललाच गेला नाही, घासत गेला, आणि रंगात भरला. पडायच्या आधीची आणि उठवून नेतानाची, अशी माझी पावलं फरशीवर उमटून राहिली आहेत. टर्पेंटाइननं निघतील, पण चिरंजिवांना मी पुसू दिली नाहीत.

काल सगळे गेल्यावर मी खुर्ची ओढून घेतली आणि टेप लावला. पडायच्या आधीच्या पावलांना. मी तेव्हा पूर्ण अडीच फूट टाकतोय, अशी माझी खात्री होती. अगदी अंगात जाणवत होतं की अडीच फूट पडलं.

नऊ इंच.

दुसरं साडेआठ.

टेप दोनदा लावला. टेप तोच, खात्याचा.

म्हणजे तिचं सव्वा फूट लहान नव्हतं. ते माझ्यासाठी मोठंच होतं. ती मला ताणत होती आणि मी तिला पाळणा म्हणत होतो. टाळीबाईला हे काही सांगितलं नाही. तिनं गुरुवारीच नव्या पट्ट्या लावल्या, सव्वा फुटावर. वाकड्याच आहेत. मी चालतो. आ करतो. हात फैलावतो. टाके आहेत म्हणून आ जरा कमी होतो. पण दारात अजून अडकतो, दर वेळी, आणि पट्टी दिसूनही अडकतो. दोन आठवडे राहिले. ती म्हणते आजार मागे जाणार नाही, पण त्याच्यासोबत वाट काढता येते. वाट दारातूनच काढायची आहे आणि दारच नाही म्हणतं.

मला त्या भिंतीकडे तोंड करून बसायचं नाही गं.

लोभ असू दे.

दादा


बुधवार, ता. २७

डॉक्टरबाईंस स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्याकडे जो रागीट म्हातारा आहे त्याची मी धाकटी बहीण. तो तुम्हाला टाळीबाई म्हणतो, हे तुम्हाला कळलं असेलच. तो कुजबुजला तरी शेजाऱ्यांना कळावं इतका त्याचा आवाज तुम्ही आता वाढवलाय.

तुमच्या विद्येत मी लुडबुड करणार नाही. मी शिंपीण आहे. पण हे गिऱ्हाईक मी माझ्या जन्मापासून ओळखते, म्हणून एक सुचवते. टाळीनं पाय सुटतो, रेघेनं सुटतो, असं तुम्ही त्याला सांगितलंत. तुमचं खरं आहे. पण या माणसाचं पाऊल कौतुकानं कधीच उठलेलं नाही. आई सांगायची, लहानपणी ती ये म्हणाली की हा बसून राहायचा, आणि कोणी चटई तिरकी घातली की ती सरळ करायला घरभर रांगायचा. समोर चुकीचं काम दिसलं की त्याला तिथं जाऊन नाक खुपसल्याशिवाय राहवत नाही. लग्नात वहिनीच्या घरच्यांचा कनातीचा खांब तिरका होता, तर हा नवरदेव उठून खांब हलवायला गेला.

तुमच्या पट्ट्या जरा वाकड्या असतात असं तो लिहितो. माझी विनंती अशी, की परीक्षेच्या दिवशी दाराबाहेरची पट्टी थोडी नाही, चांगली वाकडी लावा. उंबऱ्याच्या पलीकडे, आतून दिसेल अशी. त्याला काही सांगू नका. यात फसवणूक आहे असं तुम्हाला वाटलं तर नका करू. मला मात्र वाटतं, ज्याला जी सुई लागते ती वापरावी.

तुम्ही त्याला सोडून गेला नाहीत, याबद्दल आभार मानायला शब्द नाहीत, म्हणून मानत नाही. ओळख ठेवावी.

त्याची धाकटी बहीण


गुरुवार, ता. १४

चि. धाकटीस अ. उ. आ.

मी माझ्या घरी आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

मंगळवारी परीक्षा झाली. चिरंजीव रजा काढून आले होते. हाताची घडी घालून कपाटाला टेकून उभे, पण हात सारखे घडीतून सुटत होते. कंपवाताची गोळी घेऊन तास झाला होता. मी उठलो. टकटक लावली होती, तिच्या तालावर निघालो. एक पट्टी, दोन, तीन, सगळ्या ओलांडल्या. दाराशी पोचलो, कडी काढली, दार उघडलं, आणि व्हायचं तेच झालं. खळ लागली. टकटक चालू, आणि मी खांब. चिरंजिवांनी एक पाऊल पुढे टाकलेलं मला दिसलं. टाळीबाईनं हात आडवा करून त्यांना थांबवलं. टाळी मात्र एकही वाजवली नाही. मला वाटलं, संपलं. भिंतीसमोरची खुर्ची मला दिसायला लागली.

तेवढ्यात उंबऱ्यापलीकडे नजर गेली. तिथं एक पट्टी. वाकडी म्हणजे किती वाकडी! आंधळ्यानं घोड्यावरून लावली असती तरी इतकी तिरकी आली नसती. एक टोक जिन्याकडे, एक शेजारणीच्या दाराकडे. माझं डोकं फिरलं. तीन महिने या बाईला मी शिकवतोय आणि परीक्षेच्या दिवशी, चिरंजिवांसमोर, माझ्या दारात हे दिवे! दोन शब्द तोंडात आले ते चिरंजीव होते म्हणून गिळले. आणि मी गेलो ती उपटायला.

तिथं चौकट धरून वाकलो तेव्हा लक्षात आलं की मी उंबऱ्याच्या बाहेर आहे.

चिरंजीव काहीतरी बोलत होते, नाक पुसत होते. माझं लक्ष नव्हतं. मी पट्टीचं टोक नखानं उचललं होतं. खाली फरशीवर पेन्सिलीची रेघ होती. बारीक, एका दमात मारलेली, आणि चौकटीला काटकोनात. डोळ्यानं तपासली, मग घरातून गुण्या मागवून तपासली. केसभर फरक नाही. त्या रेघेवरून ती पट्टी मोजून तिरकी फिरवलेली. कळलं का तुला? जिला सरळ येत नाही तिच्या हातून आपोआप वाकडं होतं. पण इतकं बेतून वाकडं करायला आधी सरळ कुठे आहे ते ठाऊक असावं लागतं. मी गुण्या लाव म्हणालो तेव्हा तिनं वहीत टिपलं होतं, ते माझं लक्षण नव्हतं.

तुझाही हात यात आहे. तिच्या पिशवीतून तुझ्या अक्षरातलं पाकीट डोकावत होतं. शिंपिणीची जात, उसवल्याशिवाय राहवत नाही. त्या कनातीच्या खांबाची गोष्ट जर तू तिला सांगितली असशील तर तुझं माझं बघू.

मी टोक परत चिकटवलं. बोललो ते एवढंच, की तिच्या टाळ्या बेताल आहेत. ती हसली आणि वहीत टिपलं.

मग काळजी लागली की परीक्षा खरी की खोटी. चिरंजिवांना सांगावं का? काल विचार करकरून जेवण गेलं नाही. सरळ सांगायचं तर पाय रोज सुटत नाही. काल दुपारी अडकलो, पन्नासपर्यंत मोजले, आ केला, तेव्हा निघालो. शेजारीण आता खालूनच ओरडून विचारते, निघालात का. पण निघालो. आणि बाहेर मी माझ्या पायांनी गेलो, माझ्याच रागानं गेलो, यात खोटं काय ते मला सापडलं नाही. चिरंजिवांनी निवासातली खोली सोडली. दर तीन महिन्यांनी परीक्षा घेणार म्हणतात. घ्या म्हटलं.

दारातली पट्टी तशीच आहे. घरातल्या बाकीच्या मी टाळीबाईला सुतळी ताणून सरळ करायला लावल्या, सव्वा फुटावर. अंतर तिचं, सुतळी माझी. तिला सुतळी टणकन सोडायला आली, तिसऱ्या खेपेला. ही एक मात्र मी सरळ करू देत नाही. आता सकाळी उठतो, दार उघडतो, ती दिसते आणि अंगाची आग होते. आज हिला सरळ करतोच म्हणून निघतो. तिच्यापाशी पोचतो, टोक उचलून खालची रेघ बघतो आणि परत दाबून ठेवतो. सरळ केली तर उद्या सकाळी मी दाराबाहेर कशासाठी जाऊ?

चव्वेचाळीस वर्षांत माझ्या हद्दीत मी वाकडी रेघ राहू दिली नाही. ही पहिली. कोणाला सांगू नकोस, टाळीबाईला तर नाहीच.

माया कमी करू नये. अक्षर मोजून बघावं, दोन्ही रेघांना टेकलंय.

तुझा दादा